सायकलीची पारख

माणसाने घडविलेल्या वाहनांत सायकलीइतके अल्पसंतुष्ट वाहन क्वचितच सापडेल. तिला चारा लागत नाही, पेट्रोल लागत नाही. चाकांत हवा आणि चेनीवर तेलाचे चार थेंब एवढ्यावर ती वर्षानुवर्षे चाकरी करते. कोल्हापुरात सकाळी रस्त्यावर उभे राहावे, तर वडणगे, उचगाव, पाचगाव अशा भोवतालच्या गावांतून शाळेकडे निघालेली मुलेमुली सायकलींवर दिसतात. रविवारी पहाटे रंकाळ्याच्या काठाने किंवा पन्हाळ्याच्या रस्त्याने हौशी सायकलपटूंची रांग वाऱ्यासारखी निघून जाते.

या सायकलपटूंची वाहने तुम्ही निरखून पाहिली असतील. त्यांचे टायर बारीक असतात आणि हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते. मागे कॅरिअर नसते, खाली स्टँड नसतो. एका हाताने उचलावी इतकी ती सायकल हलकी असते. तिला 'रोड बाइक' असे म्हणतात. तिच्याकडे पाहून आपल्यालाही तशीच सायकल असावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सायकल घेताना घरातले कष्टाचे पैसे खर्च होतात, आणि निवड चुकली तर पैशांबरोबर हातपायही गमावण्याचा प्रसंग येतो. म्हणून सायकल पारखावी कशी, हे आपण या पाठात पाहू.

आरंभी सायकलीचा थोडा पूर्ववृत्तांत जाणून घ्यावा. १८१७ साली जर्मनीतील कार्ल फॉन ड्राइस याने दोन लाकडी चाकांचे एक वाहन तयार केले. त्याला पायडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन मागे ढकलीत पुढे जावयाचे, अशी त्याची रीत होती. पुढे पायडल आले. मग पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच आणि मागचे इवलेसे, अशा सायकली निघाल्या. त्यांवरून पडणे म्हणजे ओट्यावरून डोक्यावर पडण्यासारखे होते. १८८५ साली जॉन केंप स्टार्ली या इंग्रज कारागिराने दोन सारखी चाके आणि मागच्या चाकाला चेन असलेली सायकल बाजारात आणली. तीन वर्षांनी, १८८८ मध्ये, जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. आजची सायकल कितीही नवी दिसली, तरी तिची मूळ ठेवण या दोन शोधांतून आलेली आहे.

याच १८८८ सालाशी आपल्या भागाचाही एक संबंध आहे. कोल्हापूरपासून सुमारे ११० किलोमीटरवर असलेल्या बेळगावात किर्लोस्कर बंधूंनी त्या वर्षी सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. ते मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावास पाठवीत आणि त्यांचे वडीलबंधू रामूअण्णा त्या विकीत. रामूअण्णा केवळ सायकल विकून थांबत नसत. ती चालविण्यासही शिकवीत. याच बंधूंनी पुढे लोखंडी नांगर बनविले आणि १९१० साली किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. त्या मोठ्या उद्योगाचा आरंभ एका लहानशा सायकल-दुकानात झाला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता निवडीकडे वळू. दुकानात गेल्यावर बहुतेक जण तीन गोष्टी विचारतात: किंमत काय, कंपनी कोणती आणि लाल रंगात मिळेल का. हे प्रश्न निरर्थक नाहीत; परंतु ते मागाहून विचारावयाचे आहेत. त्यांच्या आधी दोन प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत. ही सायकल कोणत्या वाटेवर चालावयाची आहे? आणि तिच्यावर बसणाऱ्याचे माप काय आहे?

पहिला प्रश्न वाटेचा. बाजारात मुख्यत्वे तीन जातींच्या सायकली असतात. एक आपली जुनी ओळखीची, सरळ हँडलाची भक्कम सायकल. तिचे वजन वीस किलोच्या आसपास असते. कॅरिअरवर दप्तर बांधा, दुधाची कॅन अडकवा, तिची तक्रार नसते. दुसरी जाड, खाचदार टायरांची डोंगरी सायकल. पायवाट, खडी, शेतातील रस्ता हे तिचे क्षेत्र होय. डांबरी रस्त्यावर मात्र तिचे जाड टायर घरघरतात आणि चालविणाऱ्याचे बळ वाया घालवितात. तिसरी रोड बाइक. तिचे वजन साधारणपणे नऊ ते अकरा किलो असते. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या पुढे गेले, की आपला बराचसा जोर समोरची हवा बाजूला सारण्यातच खर्च होतो. खाली वळलेल्या हँडलामुळे शरीर पुढे झुकते आणि हवेचा अडथळा कमी होतो. लांब आणि चांगल्या डांबरी रस्त्यावर म्हणूनच तिच्या तोडीची दुसरी सायकल नाही. पण शाळेत जड दप्तर न्यावयाचे असेल, पावसाळ्यात चिखलाची वाट तुडवावयाची असेल, तर हीच सायकल गैरसोयीची ठरते. ज्याला रोज तीन किलोमीटरवरच्या शाळेत जावयाचे आहे, त्याने साधी सायकलच घ्यावी. त्यात कसलाही कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न मापाचा. आणि सर्वांत मोठी चूक येथेच होते. आपल्याकडे मुलांचे कपडे 'वाढत्या अंगाचे' घेण्याची पद्धत आहे. सदरा ढगळ झाला, तर बाह्या दुमडता येतात; दोन वर्षांनी तोच अंगाला नीट बसतो. ही काटकसर चांगलीच आहे. पण पुष्कळ वडीलधारी माणसे हाच न्याय सायकलीला लावतात. मी मुख्याध्यापक असताना सहावीतील एका मुलास घरच्यांनी अशीच वाढत्या अंगाची सायकल घेऊन दिली होती. सीट अगदी खाली केली, तरी त्याचे पाय जमिनीस टेकत नसत. फुटपाथची कड पाहूनच तो उतरत असे. ब्रेकच्या दांड्यांवर त्याची बोटे पुरती पोहोचत नसत. एके दिवशी शाळेजवळच्या उतारावर समोर म्हैस आडवी आली. त्याने ब्रेक दाबला, पण बोटांची केवळ टोके दांडीवर होती; ब्रेक अर्धाच लागला. मुलगा म्हशीस चुकविण्याच्या नादात भिंतीवर आदळला आणि त्याचा उजवा हात मोडला. वार्षिक परीक्षेचे पेपर त्याला लेखनिक घेऊन द्यावे लागले. सायकल नवी होती, महाग होती, तिचे ब्रेकही उत्तम होते. ती त्या मुलाच्या मापाची नव्हती, एवढाच तिचा दोष.

माप घेणे अवघड नाही. अनवाणी, भिंतीला पाठ लावून ताठ उभे राहावे. एक पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये, बैठकीला टेकेल असे वर धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपाशी भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर ही पायाची आतील लांबी होय. रोड बाइकच्या फ्रेमचे माप अदमासाने काढण्यासाठी या लांबीला ०.६७ ने गुणतात. समजा, लांबी ७२ सेंटीमीटर भरली. तर ७२ × ०.६७ म्हणजे सुमारे ४८ सेंटीमीटर हे फ्रेमचे माप झाले. ज्या फ्रेमची वरची दांडी उतरती असते, तिला हे गणित तंतोतंत लागू पडत नाही. म्हणून प्रत्यक्ष बसून खात्री करणे भाग आहे.

ही खात्री तीन प्रकारे करावी. प्रथम सायकलीच्या दोन्ही बाजूंस पाय टाकून जमिनीवर उभे राहावे. वरची दांडी आणि आपले शरीर यांत किमान दोन-तीन बोटे अंतर असले पाहिजे. नंतर कोणास तरी सायकल धरावयास सांगून सीटवर बसावे आणि पायडल अगदी खाली नेऊन त्यावर टाच ठेवावी. या स्थितीत गुडघा सरळ व्हावा; म्हणजे चवडा ठेवून चालविताना तो किंचित वाकलेला राहतो. सीट फार खाली असेल तर गुडघे दुखतात. फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे डुलते. शेवटी हँडल धरून ब्रेकच्या दांड्या दाबून पाहाव्यात. बोटांची पेरे दांडीभोवती सहज वळली पाहिजेत. रोड बाइकच्या पुष्कळ दांड्या लहानशा स्क्रूने जवळ आणता येतात. ते दुकानदाराकडून तेथेच करवून घ्यावे. या तिन्हींपैकी एकही कसोटी उतरली नाही, तर ती सायकल कितीही देखणी असो, ती आपली नव्हे असे समजावे.

यानंतर गिअर पाहावेत. पन्हाळा कोल्हापूरपासून सुमारे वीस किलोमीटर दूर आणि कोल्हापूरपेक्षा सुमारे चारशे मीटर उंच आहे. हा चढ सबंध रस्त्यावर सारखा पसरलेला नाही. त्याचा मोठा वाटा वाघबीळच्या बाजूस शेवटच्या काही किलोमीटरांत येतो. तेथे गिअरांचे मोल कळते. रोड बाइकला पुढे सहसा दोन आणि मागे अनेक दातेरी चक्रे असतात. समजा, चेन पुढे ५० दातांच्या आणि मागे २५ दातांच्या चक्रावर आहे. पायडलचा एक फेरा झाला, की मागचे चाक दोनदा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर असतो. म्हणजे एका फेऱ्यात आपण ४.२ मीटर पुढे जातो. सपाटीवर हे ठीक. पण घाटात पायांना हा भार सोसत नाही. मग चेन पुढे ३४ आणि मागेही ३४ दातांच्या चक्रावर आणावी. आता एका फेऱ्यात चाक एकदाच फिरते आणि आपण २.१ मीटरच जातो. परंतु पायडलवर लागणारा जोर निम्मा होतो. गिअर आपल्याला फुकटचे बळ देत नाहीत. मोठा भार थोडे अंतर ढकलण्याऐवजी लहान भार अधिक फेरे ढकलण्याची सवलत ते देतात. विहिरीच्या रहाटाचे आणि पहारेने दगड उलथण्याचे तत्त्वही हेच आहे. तेव्हा 'एकूण गिअर किती' असे न विचारता, 'मागचे सर्वांत मोठे चक्र किती दातांचे' असे विचारावे. घाट चढावयाचे असतील, तर ते मोठे असलेले बरे.

टायरांविषयी एक जुना समज होता, की टायर जितका बारीक आणि हवा जितकी कडक, तितका वेग अधिक. गुळगुळीत पृष्ठभागावर त्यात तथ्य असेल; पण आपल्या रस्त्यांवर खडी, खड्डे आणि गतिरोधक आहेत. कडक टायर प्रत्येक खड्यावरून उडतो आणि त्या उडण्यात वेगही जातो. त्यामुळे आता शर्यतीतील सायकलपटूही पूर्वीपेक्षा रुंद टायर वापरू लागले आहेत. आपल्याकडे २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचा टायर सोयीचा पडतो. फ्रेममध्ये तेवढ्या रुंद टायरास जागा आहे ना, हे सायकल घेतानाच पाहावे. ऊसतोडीच्या हंगामात गाड्यांतून सांडलेली उसाची कांडी रस्त्यावर पडलेली असतात. पावसाळ्यात गटारांच्या लोखंडी जाळ्या ओल्या होतात. बारीक चाकास या दोन्हींपासून अपाय असतो.

फ्रेम कशाची आहे, हेही विचारावे. पोलादी फ्रेम थोडी जड, पण चिवट असते. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हलकी असते, तिला गंज चढत नाही. मात्र तिच्या जोडकामासाठी विशेष कौशल्य व उष्णतेची प्रक्रिया लागते. कार्बनच्या धाग्यांची फ्रेम सर्वांत हलकी व सर्वांत महाग. आपटल्यावर तिच्या आत पडलेली चीर कधी कधी वरून दिसतही नाही. कोल्हापूर हे ओतकामाचे आणि यंत्रकामाचे गाव आहे. शिवाजी उद्यमनगरातील कोणताही जाणता कारागीर सांगेल, की धातूची परीक्षा त्याच्या चकाकीवरून होत नाही. तो कोणत्या कामासाठी वापरावयाचा, यावरून होते. हलकेपणालाही मर्यादा आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० साली नियम केला, की शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये. वजन घटविण्याच्या ईर्षेत भक्कमपणाचा बळी जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता. शिकणाऱ्या मुलाने तर एखाद्या किलोसाठी घरच्यांना दुप्पट खर्चात पाडू नये.

ब्रेक दोन प्रकारचे असतात. एका प्रकारात रबराचे ठोकळे चाकाच्या रिमवर दाबले जातात. दुसऱ्या प्रकारात चाकाच्या मध्याशी बसविलेली धातूची तबकडी पकडली जाते. त्यास डिस्क ब्रेक म्हणतात. रिम भिजली, की पहिल्या प्रकारच्या ब्रेकचा जोर बराच कमी होतो. डिस्क ब्रेक पावसातही अधिक भरवशाचा असतो. मात्र तो महाग असतो आणि त्याची दुरुस्ती प्रत्येक गावी होईलच असे नाही. ब्रेक कोणताही असो, सायकल घेण्यापूर्वी मोकळ्या जागेत चालवून, दोन्ही ब्रेक बेताने दाबून ती सरळ थांबते ना, हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

पुष्कळ घरांना नवी सायकल परवडत नाही. वापरलेली घेणे हा उत्तम मार्ग आहे. मात्र तेथे पारख अधिक लागते. फ्रेमच्या नळ्या जेथे जुळतात, तेथे बोट फिरवून चीर किंवा रंगाची सुरकुती आहे का, ते पाहावे. चाक उचलून फिरवावे. ते ब्रेकच्या रबरांमधून डुलत जाऊ नये. चेन किती झिजली आहे, हे तुमच्या कंपासपेटीसोबतच्या बारा इंची पट्टीने कळते. नव्या चेनीच्या एका खिळीपासून पुढील खिळीचे अंतर बरोबर अर्धा इंच असते. म्हणजे चोवीस अंतरे मिळून बारा इंच भरतात. शेवटची खिळी पट्टीच्या पुढे दीड मिलिमीटर किंवा अधिक गेली, तर चेन बदलण्याची वेळ झाली. तो खर्च किमतीतून वजा करण्यास विक्रेत्यास नम्रपणे सांगावे. शेवटी पायडलांच्या मधल्या जोडाखाली कोरलेला फ्रेमचा क्रमांक पाहावा आणि तो पावतीवर लिहून घ्यावा. क्रमांक घासून पुसलेला असेल, किंवा विकणारा पावती देण्यास कां-कूं करीत असेल, तर सायकल कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नये. ती कोणा दुसऱ्या मुलाची चोरलेली सायकल असण्याचा संभव असतो.

जवळ जेवढे पैसे असतील, ते सर्व सायकलीवरच खर्च करू नयेत. डोक्यावर नीट बसणारे हेल्मेट, पुढचा व मागचा दिवा, घंटी, कुलूप, पंप आणि एक जादा ट्यूब यांसाठी काही रक्कम आधीच बाजूला काढावी. अंधारात दिव्यावाचून धावणाऱ्या भारी सायकलीपेक्षा दिवा लावलेली साधी सायकल सुखरूप घरी पोहोचते. शक्य असेल तर खरेदीच्या वेळी ओळखीच्या सायकल-मिस्त्रीस बरोबर न्यावे. ज्याने हजार सायकली उघडून पाहिल्या, त्याच्या कानाला बेअरिंगचा बिघडलेला आवाज आपल्याआधी ऐकू येतो.

मुलांनो, पूर्वी गल्लोगल्ली तासाच्या भाड्याने सायकली मिळत. दांडीखालून पाय घालून, हाफ पायडल मारीत मोठ्या सायकलीवर शिकण्यात एका पिढीचे गुडघे सोलून निघाले. त्या मुलांपुढे निवड नव्हती. मिळेल ती सायकल घ्यावी लागे. तुमच्यापुढे आज निवड आहे. दुकानातील दिव्यांच्या झगझगाटात सगळ्याच सायकली सुंदर दिसतात. तेथे जाताना खिशात एक कागद असू द्या. त्यावर आपल्या पायाची लांबी, आपल्या रोजच्या वाटेचे अंतर आणि घरच्यांनी ठरविलेली रक्कम हे तीन आकडे लिहिलेले असू द्या. त्या तिन्हींशी जुळणारी सायकल रंगाने साधी असली, तरी पन्हाळ्याच्या चढावर ती तुमची साथ सोडणार नाही आणि परतीच्या उतारावर तुमच्या बोटांखाली वेळेवर थांबेल.

स्वाध्याय

१. 'सदरा वाढत्या अंगाचा चालतो, सायकल चालत नाही.' असे का? पाठाच्या आधारे सांगा.

२. आपल्या पायाची आतील लांबी मोजा व फ्रेमचे माप अदमासाने काढा.

३. पुढचे चक्र ४८ दातांचे व मागचे १६ दातांचे असल्यास पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल? (चाकाचा परीघ २.१ मीटर धरा.)

४. वापरलेली सायकल घेताना कोणत्या गोष्टी पाहाल? का?

५. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : कां-कूं करणे, खात्री करणे, कसोटीस उतरणे, साथ न सोडणे.